फुलोऱ्याआधीची साक्ष : पपईचे लिंग आणि जनुकीय चिन्हके

पपईची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला पहिले चार ते सहा महिने जी एक गोष्ट कळत नाही, तीच त्या बागेच्या हिशेबात सर्वांत मोलाची असते. रोप मादी आहे, नर आहे की उभयलिंगी, हे फूल उमलेपर्यंत त्याच्या खोडावर, पानावर किंवा मुळावर कोठेही लिहिलेले नसते. आणि फूल दिसते तोवर खत, पाणी, मजुरी आणि जागा यांवरचा खर्च होऊन गेलेला असतो. दोन झाडांत आणि दोन ओळींत १.८ मीटर अंतर ठेवून लागवड केली तर एका हेक्टरात सुमारे ३,०८६ खड्डे बसतात. वाण नर आणि मादी अशी वेगवेगळी झाडे देणारा असेल आणि प्रत्येक खड्ड्यात एकच रोप लावले असेल, तर त्यांपैकी निम्मी झाडे नर निघावयाची. त्यांतील परागासाठी दहा माद्यांमागे एक या प्रमाणात काही राखली तरी बाकीची उपटून टाकावी लागतात आणि बागेत रिकाम्या जागा पडतात. यावरचा जुना उपाय एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुलोऱ्यानंतर एक राखण्याचा आहे. तीनही रोपे नर निघण्याची शक्यता आठात एक असल्यामुळे तीन रोपांच्या खर्चातही सुमारे ३८६ खड्डे मादीवाचून राहतात, आणि जे खड्डे साधतात त्यांतही तीन रोपांची मुळे एकाच मातीत अन्नासाठी महिनोन्महिने झगडलेली असतात.

रोपवाटिकेत, रोपाला दोन-तीन खरी पाने फुटली असतानाच लिंग सांगता येईल काय, हा प्रश्न या हिशेबातून उभा राहतो. त्याचे उत्तर जनुकीय चिन्हकांनी दिले आहे आणि पपईपुरते ते बरेच खात्रीचे आहे. मात्र चिन्हकाची साक्ष नेमकी कशाची असते, ती केव्हा ग्राह्य धरावी आणि केव्हा नाही, याची उकल केल्याशिवाय या उत्तराचा शेतात उपयोग होत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख त्या उकलीवर आहे.

वनस्पतींनाही लिंग असते ही गोष्ट प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय ट्यूबिंगेनचे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ याकोब कामेरारिउस यांच्याकडे जाते. तुतीसारख्या झाडांच्या माद्या नरांपासून दूर ठेवल्या असता त्यांना सकस बी धरत नाही, असे त्यांनी १६९४ साली पत्ररूपाने प्रसिद्ध केले. सपुष्प वनस्पतींपैकी बहुतेकांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. नर-फुले एका झाडावर आणि मादी-फुले दुसऱ्या झाडावर, अशी विभागणी ज्या जातींत असते त्यांना विभक्तलिंगी म्हणतात, आणि त्यांचे प्रमाण अवघे पाच-सहा टक्के आहे. परंतु माणसाच्या उपयोगाची झाडे या लहानशा गटात बरीच आहेत : खजूर, पिस्ता, किवी, शतावरीच्या कुळातील ॲस्परॅगस ही भाजी, भांग, बिअरला कडवटपणा देणारी हॉपची वेल, आणि कोकणाच्या परसातले जायफळ व कोकम. पपई या गटात बसते आणि बसतही नाही, कारण तिच्यात झाडांचे दोन नव्हे तर तीन प्रकार आहेत.

हे तीन प्रकार फुलांवरून नीट ओळखता येतात. नर झाडाच्या पानांच्या बगलेतून लांब, लोंबती, फाटे फुटलेली दांडी निघते आणि तिच्यावर बारीक नळीसारखी पुष्कळ फुले येतात. एकेका फुलात दहा पुंकेसर असतात आणि स्त्रीकेसराचा नुसता खुंट उरलेला असतो. मादी-फूल आखूड देठावर, खोडाला लगटून येते. त्याच्या पाच पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात आणि त्या बाजूला केल्या की आत फुगीर किंजपुट, म्हणजे पुढे फळ होणारा भाग, आणि त्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या पाच कुक्षी दिसतात, पुंकेसर मात्र एकही दिसत नाही. उभयलिंगी फुलाच्या पाकळ्या खालच्या बाजूला जुळून त्यांची नळी झालेली असते, तिच्या तोंडाशी दहा पुंकेसर आणि मध्ये लांबट किंजपुट असते. मादीचे फळ गोलसर होते आणि त्यात पोकळी मोठी राहते. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, गराने अधिक भरलेले आणि खोक्यात नीट बसणारे असते. त्यामुळे दूरच्या बाजारासाठी पिकवणाऱ्याला उभयलिंगी झाड हवे असते आणि हवाईतील ‘सोलो’ वाणांचा सगळा व्यापार अशाच फळावर उभा राहिला.

भारतात दोन्ही तऱ्हांचे वाण आहेत. ‘वॉशिंग्टन’ आणि ‘पुसा ड्वार्फ’ यांच्यात नर व मादी झाडे निघतात. ‘पुसा डेलिशस’, ‘पुसा मॅजेस्टी’, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘सूर्या’ आणि खानदेशात ‘तैवान ७८६’ या नावाने घरोघरी ठाऊक असलेला ‘रेड लेडी’ हा संकर यांच्यात मादी व उभयलिंगी झाडे निघतात, नर निघत नाहीत. पहिल्या गटात शेतकरी मादी शोधतो, दुसऱ्या गटात उभयलिंगी. हा भेद पुढे चाचणीचा निकाल वाचताना पुन्हा आडवा येणार आहे.

तीन प्रकारांमागची आनुवंशिकता १९३८ साली उलगडली. दक्षिण आफ्रिकेत होफमायर आणि हवाईत स्टोरी या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे अनेक संकर करून, संततीतील झाडे मोजून, एकच निष्कर्ष काढला : पपईचे लिंग एकाच जागी असलेल्या तीन पर्यायी घटकांवर ठरते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नरात एक एक्स आणि एक वाय असते, आणि उभयलिंगी झाडात एक एक्स व वायचाच एक वेगळा प्रकार असतो, ज्याला सोयीसाठी उभय-वाय म्हणता येईल. ज्या गर्भात दोन्ही गुणसूत्रे वाय जातीची येतात, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, तो गर्भ जगत नाही. म्हणून उभयलिंगी झाडाचा पराग त्याच्याच फुलावर पडला तर चार संभाव्य गर्भांपैकी एक मरतो आणि उरलेल्या तीनांत दोन उभयलिंगी व एक मादी हे प्रमाण मिळते. उभयलिंगी झाडाचा पराग मादीवर पडला तर निम्मी संतती मादी आणि निम्मी उभयलिंगी होते. नराचा पराग मादीवर पडला तर निम्मे नर आणि निम्म्या माद्या. नर आणि उभयलिंगी यांचा संयोग झाला तर मात्र तिन्ही प्रकार सारख्या प्रमाणात निघतात, आणि शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्यात नेमका हा शेवटचा प्रकार नकळत घडण्याचा संभव असतो, कारण शेजारच्या बागेतील नराचा पराग बांध ओलांडून येतो.

उभयलिंगी झाडे बीजातून शंभर टक्के मिळवणे निसर्गानेच अशक्य करून ठेवले आहे, कारण दोन उभय-वाय असलेले झाड अस्तित्वातच येऊ शकत नाही. पैदासकाराने कितीही पिढ्या निवड केली तरी तीनात एक मादी येणारच. वाण सुधारून जो प्रश्न सुटत नाही, तो रोपे निवडूनच सोडवावा लागतो. चिन्हकांची गरज इथे सुरू होते.

त्यापूर्वी रोपावरून लिंग ओळखण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुळाचे वळण, पानाचा आकार, बियांचा रंग अशा खुणा निरनिराळ्या देशांतील बागायतदार सांगत आले, पण मोजणीच्या कसोटीला त्या उतरल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाचाही उपयोग झाला नाही. पपईच्या पेशीत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात, त्या आकाराने लहान आहेत आणि नर, मादी किंवा उभयलिंगी झाडांत त्या सारख्याच दिसतात. माणसात वाय गुणसूत्र जसे आखूडपणामुळे नजरेत भरते तसे पपईत काही दिसत नाही. फरक होता, पण तो डीएनएच्या अक्षरांत होता.

जनुकीय चिन्हक म्हणजे डीएनएचा असा ओळखता येण्याजोगा तुकडा, जो ज्या गुणधर्माचा शोध घ्यायचा त्याच्या जनुकाजवळ गुणसूत्रावर बसलेला असतो आणि म्हणून त्याच्याबरोबरच वारशाने जातो. चिन्हक स्वतः लिंग ठरवत नाही. दिंडीपुढची पताका स्वतः वारी करत नाही, पण पताका दिसली की मागे दिंडी आहे असे समजावे, आणि गर्दीत पताकाधारी पुढे निघून गेला तर समज चुकीची ठरावी, तसा हा संबंध आहे. पताका आणि दिंडी यांची ताटातूट होण्याची घटना जीवशास्त्रात पुनर्संयोजन या नावाने ओळखली जाते : परागकण किंवा बीजांड तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि चिन्हक जनुकापासून जितके दूर तितकी ते वेगळे पडण्याची शक्यता अधिक. त्यामुळे चिन्हक किती जवळ आहे यावर त्याची सारी पत अवलंबून असते.

पपईत असे चिन्हक शोधण्याची पहिली साधने ओबडधोबड होती. पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजे सर्वत्र पीसीआर या नावाने ओळखली जाणारी पद्धत, डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढते. तुकड्याच्या दोन टोकांना जुळणारे प्रायमर नावाचे आखूड डीएनए-धागे घालून मिश्रण आधी सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवायचे, मग प्रायमर चिकटावेत म्हणून थंड करायचे आणि मग ७२ अंशांवर विकराला नवा धागा विणू द्यायचा, असे एक आवर्तन होते. दर आवर्तनाला प्रती दुप्पट होतात आणि कागदावरच्या हिशेबाने तीस आवर्तनांत एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती निघतात. नव्वदच्या दशकात दहा-दहा अक्षरांचे यादृच्छिक प्रायमर वापरून नर आणि मादी झाडांचे डीएनए शेजारी शेजारी तपासले जात आणि एखादा तुकडा फक्त एकाच बाजूला दिसला की तो धरून ठेवला जाई. ही पद्धत स्वस्त होती, पण लहरी होती. दहा अक्षरांचा प्रायमर कोठेही अर्धवट चिकटतो, आणि एका प्रयोगशाळेत दिसलेला तुकड्याचा पट्टा दुसरीत दिसेलच असे नाही. म्हणून सापडलेल्या तुकड्याचा अक्षरक्रम वाचून त्याच्यासाठी वीसेक अक्षरांचे नेमके प्रायमर बनवण्याची पुढची पायरी आली, आणि व्यवहारात उपयोगी पडली ती हीच.

या कामात पुण्याचा वाटा ठळक आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर यांच्या वनस्पती रेणवीय जीवशास्त्राच्या गटाने १९९९ साली असे दाखवले, की ‘जीएटीए’ ही चार अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा नमुना पपईच्या लिंगानुसार वेगळा दिसतो; आणि पुढच्याच वर्षी, २००० साली, रोपांची मोठ्या प्रमाणावर छाननी करता येईल अशी पीसीआरवर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी, २००२ साली, जपानमधून आणि हवाईतून स्वतंत्र चिन्हके आली. पपईविषयीच्या पुढील कामात ज्यांचा उल्लेख वारंवार होतो ती टी-१२ आणि डब्ल्यू-११ ही दोन चिन्हके हवाईची. नर आणि उभयलिंगी झाडांत ती ८०० अक्षरजोड्यांचा तुकडा देतात, मादीत सहसा देत नाहीत. त्यांच्या सोबतीचे टी-१ हे तिसरे चिन्हक मात्र सर्वच पपयांत १,३०० अक्षरजोड्यांचा तुकडा देते.

सर्वांत सारखेच दिसणारे चिन्हक कशाला हवे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण चाचणीची विश्वासार्हता ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती हीच. मादीची ओळख तुकडा न दिसण्यावरून होते, आणि न दिसण्याला कारणे पुष्कळ असतात. पपईच्या पानात चीक असतो, पिष्टमय चिकट द्रव्ये असतात. पान वाटून डीएनए वेगळा करताना ती सोबत आली तर विकर निकामी होतो आणि नराचेही मिश्रण कोरेच राहते. अशा वेळी तंत्रज्ञ ‘पट्टा नाही, सबब मादी’ असे लिहून मोकळा झाला तर नर रोप मादी म्हणून विकले जाईल. सर्वांत दिसणारा १,३०० चा पट्टा उमटला आहे आणि ८०० चा उमटलेला नाही, एवढे दोन्ही एकाच नळीतून सिद्ध झाले तरच ते रोप मादी. नकारावरून होकार काढणाऱ्या प्रत्येक चाचणीला अशी आतली साक्ष लागते, आणि ज्या चाचणीत ती नाही तिचा अहवाल स्वीकारू नये.

ही चिन्हके पपईत इतकी चांगली का चालतात, याचे उत्तर नंतर मिळाले आणि ते चिन्हकांपेक्षाही मनोरंजक आहे. हवाईत तयार केलेल्या जनुकीय नकाशात १,५०१ चिन्हके मांडली गेली तेव्हा त्यांतील २२५ चिन्हके लिंगापासून कधीच वेगळी होत नाहीत असे आढळले. एका ठिकाणी एवढी गर्दी होण्याचा अर्थ असा, की गुणसूत्राच्या त्या भागात अदलाबदलच होत नाही. २००४ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचा अर्थ लावला गेला : पपईचे वाय हे उत्क्रांतीच्या अगदी आरंभीच्या टप्प्यातले लिंग-गुणसूत्र आहे, बाकी सगळे सामान्य गुणसूत्रासारखे आणि मधला एक लहान भाग मात्र एक्सशी व्यवहार बंद केलेला. २००८ साली पपईच्या सुमारे ३७ कोटी अक्षरांच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण त्यासाठी निवडलेले ‘सनअप’ वाणाचे झाड मादी असल्यामुळे वाय त्यात नव्हतेच. ते वेगळे वाचावे लागले. २०१२ साली कळले की उभय-वायवरचा हा बंद भाग सुमारे ८१ लाख अक्षरांचा आहे आणि एक्सवरचा त्याचा जोडभाग जेमतेम ३५ लाखांचा. मधल्या काळात पुनरावृत्त डीएनएची भर पडून आणि तुकडे उलटेपालटे होऊन तो फुगला आहे. अदलाबदल बंद असल्यामुळे या भागातले कोणतेही चिन्हक लिंगापासून तुटत नाही. पताका आणि दिंडी यांना इथे एकाच खोलीत कोंडले आहे.

एवढे असूनही लिंग प्रत्यक्ष ठरवणारे जनुक कोणते, यावर पपईत एकमत झालेले नाही. उमेदवार जनुके पुढे आली आहेत, निर्णायक पुरावा मिळायचा आहे. कारण हाती नसताना खूण हाती असणे आणि तिच्यावर व्यवहार चालणे, ही उपयोजित विज्ञानात नेहमीची स्थिती आहे व तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

अडचण दुसरीच आहे. नराचे वाय आणि उभय-वाय हे दोन्ही एकमेकांशी जवळजवळ एकरूप आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्यांच्यातील साम्य ९९.६ टक्के निघाले, आणि उभय-वाय हे नराच्या वायपासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले असा अंदाज निघाला. हा काळ मध्य अमेरिकेत माणूस शेती करत असल्याचा आहे; म्हणजे उभयलिंगी पपई ही बहुधा माणसाने जंगलातून निवडून जोपासलेली, शेतीची निर्मिती आहे. एवढ्या अलीकडच्या फारकतीमुळे बहुतेक चिन्हके नर आणि उभयलिंगी यांत भेद करत नाहीत. ८०० चा पट्टा दिसला याचा अर्थ ‘वाय आहे’ इतकाच. ते वाय कोणते, हे पट्टा सांगत नाही.

मग त्या पट्ट्याचे वाचन कशावरून करायचे? बियाण्याच्या कुळीवरून. ‘वॉशिंग्टन’च्या खात्रीच्या बियाण्यातील रोपात पट्टा दिसला तर ते रोप नर आहे आणि टाकायचे आहे, ‘सूर्या’च्या स्वपरागित बियाण्यातील रोपात अगदी तोच पट्टा दिसला तर ते उभयलिंगी आहे आणि नेमके तेच राखायचे आहे. एकच निकाल, दोन विरुद्ध कृती. आणि बियाणे उघड्यावर परागित झालेल्या मिश्र बागेतून आलेले असेल, तर तिन्ही प्रकार शक्य असल्यामुळे पट्टा मादी वगळून दुसरे काहीच ठामपणे सांगत नाही. केवळ नराच्या वायवर असणारे आणि उभय-वायवर नसणारे तुकडे शोधून त्यांवरून नर वेगळा काढण्याचे प्रयत्न पुढे झाले आहेत, पण प्रत्येक नव्या वाणावर त्यांची पडताळणी करावी लागते. चाचणीपेक्षा बियाण्याच्या थैलीवरची नोंद इथे अधिक महत्त्वाची ठरते, ही गोष्ट प्रयोगशाळांच्या उत्साहात अनेकदा मागे पडते.

दुसरी मर्यादा हवामानाची. चिन्हक गुणसूत्र वाचते, फूल नव्हे. मादी झाड सहसा मादीच राहते, पण उभयलिंगी झाड उष्ण दिवसांत किंजपुट आक्रसून नरासारखी वांझ फुले देऊ लागते, तर थंडीत त्याचे पुंकेसर किंजपुटाला चिकटून वेडीवाकडी, घळी पडलेली फळे येतात. नराच्या लांब दांडीवरही एखाद्या ऋतूत दोन-चार फळे लोंबताना दिसतात. तापमान चढल्यावर उभयलिंगी झाडाची फलधारणा तुटली तर चाचणी खोटी ठरली असे म्हणणे चुकीचे होईल. चाचणीने जे सांगितले ते खरेच होते, तिला उन्हाळा विचारलेला नव्हता.

चाचणी किती खरी, हे ठरवण्याच्या रीतीविषयीही थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हवाईच्या चाचणीने रोपांच्या गटात ९९.२ टक्के अचूकता दाखवली, आणि ती नोंद आदराने उद्धृत होते. परंतु निरनिराळ्या पिकांत ‘लिंगनिदर्शक चिन्हक सापडले’ असे सांगणाऱ्या निबंधांत वीस-तीस झाडांवरच समाधान मानलेले पुष्कळदा दिसते. तीस झाडांत एकही चूक निघाली नाही, तरी संख्याशास्त्र एवढेच म्हणू देते की खरी चूक बहुधा दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती एक टक्क्याच्या आत आहे असे म्हणायला तीनशे झाडे निर्दोष निघावी लागतात. हेक्टरी ३,०८६ रोपांच्या बागेत एक टक्का म्हणजे ३१ झाडे आणि दहा टक्के म्हणजे ३०९ झाडे. पहिली चूक शेतकरी सोसतो, दुसरी चूक त्याचे वर्ष बिघडवते. शिवाय ती तीस झाडे एकाच वाणाची आणि एकाच आईची असतील तर योगायोगाने जुळलेला तुकडाही लिंगाचे चिन्हक म्हणून मिरवतो. अशा निबंधांची संख्या मोठी आहे आणि शेतात पोहोचलेल्या चाचण्या थोड्या आहेत, यामागचे एक कारण हे आहे.

इतर पिकांकडे पाहिले की पपईचे वेगळेपण अधिक उठून दिसते. ॲस्परॅगसमध्ये नर हवे असतात, कारण मादी झाडे फळांवर शक्ती खर्च करतात आणि त्यांचे बी वाफ्यात पडून तण माजवते. आणि तिथे दोन वाय असलेला नर जगतो, त्यामुळे त्याच्यापासून सर्वच्या सर्व नर संतती देणारे संकर काढता येतात व रोपे तपासण्याची गरजच उरत नाही. तिथली दोन निर्णायक जनुके, एक मादीपण दाबणारे आणि एक नरपण देणारे, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओळखली गेली. पिस्त्यात उलट व्यवस्था आहे : भिन्न गुणसूत्रांची जोडी मादीत असते, म्हणून तिथे पट्टा दिसला तर झाड मादी. पर्सिमन या फळझाडाच्या गटात २०१४ साली ताकाशी अकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष लिंग ठरवणारी यंत्रणा दाखवली. वायवरचे एक जनुक अगदी आखूड आरएनए बनवते आणि दुसऱ्या, मादीपण राखणाऱ्या जनुकाला गप्प करते. प्रत्येक कुळाने लिंगाची सोय स्वतंत्रपणे केलेली असल्यामुळे पपईचे चिन्हक खजुराला चालत नाही आणि खजुराचे पिस्त्याला.

खजूर, जायफळ आणि कोकम यांत वाट पाहण्याचा काळ पपईपेक्षा कितीतरी मोठा, पाच ते आठ वर्षांचा असतो, म्हणून चिन्हकाची किंमतही तिथे सर्वाधिक असावी असे वाटते. व्यवहार मात्र निराळा आहे. खजुराच्या बुंध्याशी येणारे फुटवे आईचेच लिंग घेऊन येतात. जायफळ आणि कोकम यांत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मादी झाडांची कलमे करण्याच्या पद्धती बसवल्या, ‘कोकण अमृता’सारखे कोकमाचे वाण दिले आणि जायफळात एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येणारे वाणही निवडले. वाढलेल्या नर झाडावर मादीची काडी बांधून त्याला मादी करणे हे कोकणातल्या हुशार बागायतदाराला अवघड नाही. कलमाने जे साधते तिथे चिन्हकाने धाव घेऊ नये. कच्छमध्ये बियांपासून वाढलेल्या खजुराच्या बागा आहेत. अशा ठिकाणी, आणि नवे वाण काढणाऱ्या पैदासकाराच्या वाफ्यात, जिथे हजारो अज्ञात रोपे सांभाळायची असतात, तिथे चिन्हकाला खरे काम आहे.

पपई बियांपासून लावली जाते, झटपट फळते आणि दर लागवडीला नवी रोपे घ्यावी लागतात, म्हणून ती या तंत्राची स्वाभाविक धनी आहे. चाचणी स्वस्त करण्याच्या दिशेने कामही झाले आहे. एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती काढणारी आणि महागडे यंत्र न लागणारी पद्धत २०१२ साली तैवानच्या संशोधकांनी पपईच्या लिंगपरीक्षेसाठी बसवली. तरीही शेतकऱ्याने एकेक पान घेऊन प्रयोगशाळेत जावे, ही कल्पना अव्यवहार्य आहे. चाचणीची जागा रोपवाटिकेत आहे, रोप पिशवीत असताना आणि विक्रीपूर्वी, कारण तिथे एका वेळी शेकडो रोपे तपासता येतात, नको असलेले रोप फेकण्याचा तोटा अत्यल्प असतो आणि बियाण्याची कुळी माहीत असण्याची जबाबदारीही रोपवाटिकेचीच असते.

नंदुरबार, धुळे, जळगावकडील पपईच्या बागायतदारांनी लिंग तपासलेली म्हणून विकली जाणारी रोपे घेताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात : बियाणे कोणत्या वाणाचे आणि कोणत्या परागाचे आहे, वापरलेले चिन्हक त्याच वाणाच्या किती झाडांवर फुलोऱ्यापर्यंत पडताळले आहे, आणि प्रत्येक नमुन्यात सर्व झाडांत दिसणारा नियंत्रक पट्टा उमटला होता की नाही. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर उरलेल्या दोहोंची उत्तरे कितीही चांगली असली तरी त्या रोपांसाठी जादा दर देऊ नये.